यंत्राने पेशी मोजल्या, पुढे काय?

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील होटगी हे जंक्शन अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी मुद्दाम पाहावे असे आहे. विजापूर, बागलकोट, गदग या बाजूने येणारा मार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतो. शंभर वर्षांहून अधिक काळ हा मार्ग मीटरगेज होता. त्याच्या दोन रुळांमधले अंतर १,००० मिलिमीटर, तर मुख्य मार्गावरचे १,६७६ मिलिमीटर. फरक जेमतेम दीड हाताचा. परंतु तेवढ्या फरकापायी एका मार्गावरची वाघीण दुसऱ्या मार्गावर चालत नसे. जेथे ही दोन मापे एकमेकांना भेटत, तेथे माल उतरवणे, तो पुन्हा भरणे, त्यात होणारी मोडतोड आणि खोळंबा हे सारे ओघानेच येई. दोन्हीकडची इंजिने कितीही वेगवान असती तरी या खोळंब्याचा एक तासही त्यामुळे वाचला नसता. अखेर रूळच बदलावे लागले.

वैद्यकक्षेत्रात आज ज्या नव्या साधनाचा मोठा गवगवा आहे, त्याचा विचार करताना होटगीच्या या जुन्या अडचणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याची काचपट्टी, म्हणजे व्यवहारातली स्लाइड, आजवर विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली धरून डोळ्यांनी वाचत आला. आता त्या स्लाइडचे संपूर्ण चित्र यंत्राने टिपता येते आणि त्या चित्रातील एकेक पेशी संगणक मोजून देतो. महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत ही यंत्रे आली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली अशा चित्रावरून प्राथमिक निदान करण्यास एका यंत्राला प्रथमच मान्यता दिली. २०२१ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे संशयित ठिकाण दाखवून देणाऱ्या संगणकीय प्रणालीलाही ती मिळाली. आपल्याकडे ग्रामीण भागात विकृतिशास्त्रज्ञांचा तुटवडा आहे, तेव्हा हे यंत्र आणले की तो तुटवडा भरून निघेल, असा युक्तिवाद साहजिकच केला जातो. युक्तिवाद टाकाऊ नाही. पण तो अर्धा आहे, आणि सार्वजनिक पैसा अर्ध्या युक्तिवादावर खर्च होऊ लागला तर त्याची किंमत होटगीसारख्या गावातील रुग्णाला द्यावी लागेल.

प्रथम हे यंत्र नेमके करते काय, ते पाहिले पाहिजे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात आणि त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापावर दोन रंगांची प्रक्रिया करतात. एकामुळे पेशीचे केंद्रक निळे-जांभळे दिसते, दुसऱ्यामुळे भोवतालचे पेशीद्रव गुलाबी होते. संगणकाच्या दृष्टीने हे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळीच होय. प्रत्येक ठिपक्याला रंगाचा व तेजाचा एक आकडा असतो. अमुक आकड्यापेक्षा गडद ते केंद्रक, बाकीचे पार्श्वभूमी, अशी रेषा आखली की केंद्रकांची बेटे वेगळी होतात. मग त्यांचे क्षेत्रफळ, परीघ, गोलाईतील वेडेवाकडेपणा, शेजाऱ्यापासूनचे अंतर आणि पेशीच्या मानाने केंद्रकाचा आकार हे सारे मोजता येते. कर्करोगात केंद्रके फुगतात, आकाराने विषम होतात, विभाजन पावणाऱ्या पेशी वाढतात. अनुभवी डोळा हे पाहतोच. यंत्र त्याला आकडा देते. अलीकडच्या प्रणाली असे नियम हाताने घालून घेत नाहीत. हजारो चित्रे आणि त्यांवरील तज्ज्ञांचे शेरे यांवरून त्या स्वतःच भेद करायला शिकतात. डोळा थकतो, दुपारनंतरची स्लाइड सकाळच्या स्लाइडइतकी काळजीपूर्वक वाचली जाईलच असे नाही. यंत्राला दुपार नसते. हा त्याचा निर्विवाद गुण आहे.

तथापि मोजणी म्हटली की तिच्यातील चुका आल्या, आणि या चुका अर्थशास्त्राच्या व सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला अनोळखी नाहीत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव पीक-कापणीच्या नमुना पाहण्यांशी कायमचे जोडलेले आहे. शेतातील लहानसा तुकडा आखून त्यातील पीक कापावे, वजन करावे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचे उत्पादन काढावे, ही ती पद्धत. तुकडा किती मोठा असावा, यावर १९४०च्या दशकात सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. तुकडा जितका लहान, तितके उत्पादन फुगवून दाखवले जाते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. कारण साधे होते. सीमारेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात सीमेवरची ताटे प्रमाणाने अधिक असतात, म्हणून चूकही अधिक.

सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकटीत हुबेहूब हेच घडते. चौकटीच्या कडेने अर्धी कापली गेलेली पेशी मोजायची की सोडायची? सगळ्या मोजल्या तर संख्या फुगते, सगळ्या सोडल्या तर आटते. रक्तपेशी मोजणारा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ चौकोनाच्या दोन बाजूंना टेकलेल्या पेशी धरतो आणि उरलेल्या दोन बाजूंच्या सोडतो. हा साधा नियम त्याच चुकीवरचा उतारा आहे. संगणकाला हा नियम कोणी सांगितला नसेल, तर तो तीच चूक लाखो वेळा आणि दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत अचूक करील.

दुसरी चूक याहून फसवी आहे. लिंबांनी भरलेल्या टोपलीतून सुरी सरळ फिरवली, तर कापात दिसणारी वर्तुळे सारख्या मापाची नसतात. एखादे लिंबू मधोमध कापले जाते, एखाद्याची फक्त टोकाची चकती निघते. शिवाय मोठे लिंबू सुरीच्या वाटेत येण्याचा संभव लहानाहून अधिक. म्हणजे कापातील वर्तुळांवरून लिंबांचे सरासरी माप काढू गेल्यास दोन चुका विरुद्ध दिशांनी शिरतात. गोलांच्या या प्रश्नाची गणिती मांडणी १९२५ साली स्वेन विक्सेल या स्वीडिश सांख्यिकीने केली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून परिचित असलेले क्नुट विक्सेल यांचे ते चिरंजीव. त्याआधी १८४७ साली देलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने खडकाच्या कापातील एखाद्या खनिजाचे क्षेत्र आणि खडकातील त्याचे घनफळ यांचे प्रमाण एकच असते, हे दाखवले होते. पेशींच्या मोजणीचा पाया दगड मोजणाऱ्याने आणि संख्याशास्त्रज्ञाने घातला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोजणीचे शास्त्र यंत्राबरोबर खोक्यात भरून येत नाही.

तिसरी अडचण रुळांच्या मापाची. एका रुग्णालयातील काप चार मायक्रॉनचा, दुसऱ्यातील सहाचा. एकाचा रंग ताजा, दुसऱ्याचा आठवडाभर वापरलेला. एकीकडे तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडलेला, दुसरीकडे तो तालुक्याच्या दवाखान्यात तसाच ताटकळलेला. अशा तुकड्यातील पेशी आक्रसतात, रंग फिकट किंवा गडद होतो आणि 'अमुक आकड्यापेक्षा गडद ते केंद्रक' ही रेषाच सरकते. परक्या प्रयोगशाळेच्या स्लाइडांवर शिकलेले यंत्र आपल्या स्लाइडांवर डगमगते, हा जगभरचा अनुभव आहे. अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ वाईट स्लाइड पाहून ती परत पाठवतो. यंत्राला परत पाठवण्याचे शहाणपण मुद्दाम शिकवावे लागते.

यंत्राच्या हाती वाचन सोपवण्याचा प्रयत्न काही नवा नाही. पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीने गर्भाशयमुखावरील पेशी काचेवर पसरून तपासण्याची रीत १९४०च्या दशकात रूढ होऊ लागली आणि १९५०च्या दशकातच अमेरिकेत त्या स्लाइडा आपोआप वाचणारे यंत्र उभे करण्यात आले. एकमेकींवर चढलेल्या पेशी, गुठळ्या आणि कचरा यांनाच ते रोग समजू लागले, तेव्हा तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढे साधने सुधारली. मँचेस्टर भागात ७०,०००हून अधिक स्त्रियांच्या नमुन्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. यंत्राच्या साहाय्याने वाचन भराभर झाले, पण गंभीर विकृती ओळखण्याचे प्रमाण केवळ माणसाने केलेल्या वाचनाच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटले. वेगाची किंमत कोणी मोजली, हे सांगायला नको. आजच्या प्रणाली त्या पिढीच्या खूप पुढे गेल्या आहेत हे मान्य करूनही, असा ताळेबंद प्रत्येक नव्या प्रणालीचा मांडला गेला पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

पण या साऱ्याहून मोलाचा पुरावा मँचेस्टरचा नाही. तो सोलापूरच्या शेजारचा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक विशाल चाचणी घेण्यात आली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चार गटांत वाटणी केली. एका गटात पेशींची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली वाचली. दुसऱ्यात परिचारिकेने पातळ ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्यात रोगास कारण होणाऱ्या विषाणूचा शोध रासायनिक पद्धतीने घेतला. चौथ्या गटाला तपासणी नव्हती. (या चौथ्या गटाविषयी पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत.) निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी नसलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पेशींची स्लाइड वाचलेल्या गटात मात्र मृत्यूंमध्ये संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी घट आढळली नाही.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला पाहिजे. स्लाइड वाचणारे अडाणी होते, असा तो नाही. त्यांना या कामाचे खास प्रशिक्षण मिळालेले होते. पेशीच्या रूपावरून रोग ओळखण्याच्या रीतीची मर्यादा एकाच तपासणीत उघडी पडली, असा तो आहे. पाश्चात्त्य देशांत हीच रीत यशस्वी झाली, कारण तेथे ती दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा केली जाते आणि एकदा सुटलेली विकृती पुढच्या खेपेस सापडते. आपल्याकडे पुढची खेप हीच दुर्मीळ गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीनुसार ३० ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात कधी तरी झालेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के होत्या. उरलेल्या ९८ जणींची स्लाइडच नाही. जी स्लाइड अस्तित्वात नाही, ती यंत्राने सेकंदात वाचली काय किंवा विकृतिशास्त्रज्ञाने आठवड्याने वाचली काय, सारखेच.

बार्शीचा आणखी एक धडा तर कोणत्याही यंत्राशिवायचा आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परंडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. ग्रामीण भागात रोग्याची नोंद आपोआप रुग्णालयात येत नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लोकांशी रोगाच्या पहिल्या खुणांविषयी बोलले, संशय आला त्यांना रुग्णालयात पाठवले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दाखल होऊ लागल्याचे दिसून आले. आकडे गोळा करायला गेलेल्या माणसांनी आकडेच बदलून टाकले! सांख्यिकीच्या पुस्तकात हा दोष मानला जाईल. गावात तो उपकार ठरला.

आता होटगीकडे पुन्हा वळावे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या परिसरात शेतमजुरी करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. विडी कामगार स्त्रीला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशीची मजुरी गेली. तपासणी शासकीय रुग्णालयात विनामूल्य झाली तरी तिच्यासाठी ती विनामूल्य नसते. नमुना देण्यास एक दिवस, निकाल आणण्यास दुसरा, 'नमुना नीट आला नाही, पुन्हा या' असे सांगितले गेले तर तिसरा, आणि निकालात काही निघालेच तर उपचारासाठी सोलापूर किंवा बार्शीच्या किती फेऱ्या, ते डॉक्टर सांगतील तेव्हा. जाण्यायेण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळाच. या सगळ्या खर्चात स्लाइड वाचण्याचा खर्च किती आणि त्या वेळेत वाचनाचा वेळ किती? यंत्राने वाचनाचे चार दिवस वाचवले, पण निकालाचा कागद पंधरा दिवस फायलीत राहिला, तर वाचवलेले चार दिवस कोणाच्या खात्यावर जमा झाले? साखळीतील सर्वांत मंद दुव्यावर सारा वेग अवलंबून असतो, हे उत्पादनशास्त्रातील प्राथमिक सूत्र आरोग्य खात्याच्या खरेदीलाही लागू आहे.

यावरून यंत्र नकोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तुकडा काढलेलाच आहे, रुग्ण रुग्णालयात आहे आणि उपचार कोणता करायचा हे पेशींच्या मोजणीवर ठरणार आहे, अशा ठिकाणी यंत्राचा उपयोग थेट आहे. स्तनाच्या कर्करोगात विशिष्ट संप्रेरकाला प्रतिसाद देणारी केंद्रके शेकडा किती, यावर औषध ठरते. ती मोजणी डोळ्याने अंदाजाने केली तर दोन तज्ज्ञांचे आकडे जुळत नाहीत, आणि तेथे यंत्राचा आकडा दोघांनाही शिस्त लावू शकतो. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील स्लाइडचे चित्र मुंबईच्या तज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवता आले, तर रुग्णाची एक खेप वाचते. हा लाभ मोठा आहे, आणि गंमत म्हणजे त्याला मोजणाऱ्या बुद्धिमान प्रणालीचीही गरज नाही. चित्र पाठवणारे यंत्र आणि ते पाहणारा माणूस पुरे. तेव्हा खरेदीचा क्रम काय असावा, हा वादाचा मुद्दा आहे. आधी काप नीट काढणारा तंत्रज्ञ, ताजे रंग, फॉर्मॅलिनच्या बाटल्या आणि निकाल घरपोच देणारी आरोग्यसेविका. मग चित्र पाठवण्याची सोय. आणि त्यानंतर मोजणारी प्रणाली. गर्भाशयमुखाच्या तपासणीत तर पैसा पेशींच्या चित्राऐवजी विषाणूच्या तपासणीकडेच वळवणे शहाणपणाचे, कारण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ३५ आणि ४५ या वयांत ७० टक्के स्त्रियांची उच्च दर्जाची तपासणी २०३०पर्यंत व्हावी असे उद्दिष्ट ठेवताना त्याच दिशेने बोट दाखवले आहे. प्रणाली विकत घेतलीच, तर ती इथल्या स्लाइडांवर तपासून घेतल्याशिवाय आणि तिने सोडून दिलेल्या रुग्णांची संख्या जाहीर केल्याशिवाय तिचे देयक चुकते होऊ नये. उद्घाटनाच्या फितीपेक्षा ही अट अधिक महत्त्वाची आहे. ती घालणारे अधिकारी मात्र फितीइतके सहज मिळत नाहीत.

अशी अट घालायची आणि तिची अंमलबजावणी पाहायची, तर मोजणी समजणारी माणसे जिल्ह्यात हवीत. ती घडवण्यास खर्च जवळजवळ नाही. पेशींच्या मोजणीसाठी जगभर वापरला जाणारा 'इमेजजे' हा संगणक कार्यक्रम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७पासून विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे आणि तो महाविद्यालयातील साध्या संगणकावर चालतो. शाळेत पहिली पेशी दिसते ती कांद्याच्या पापुद्र्यात, आणि सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याला तोटा नाही. पापुद्र्याची स्लाइड करावी, तिचे चित्र घ्यावे, मोजपट्टी असलेल्या काचेवरून एक ठिपका म्हणजे किती मायक्रॉन हे ठरवावे आणि दहा विद्यार्थ्यांना त्याच चित्रातील पेशी स्वतंत्रपणे मोजायला द्याव्यात. दहा आकडे दहा प्रकारचे येतील. कोणी कडेची पेशी धरली, कोणी सोडली, कोणाची रेषा गडद, कोणाची फिकट. जीवशास्त्र आणि सांख्यिकी या दोन विभागांनी मिळून हा एक तास घेतला, तर उद्या कोणी यंत्र विकायला आल्यावर त्याला काय विचारायचे ते त्या दहा जणांना ठाऊक असेल. सध्या अनेक महाविद्यालयांत हे दोन विभाग एकाच इमारतीत असूनही त्यांच्यामध्ये मीटरगेज आणि ब्रॉडगेजचे अंतर आहे. ते मिटवायला रेल्वे मंडळाच्या मंजुरीची गरज नाही.